उजवीकडे

बुधवारच्या जुन्या बाजारात
सायकलच्या चेनी, मेलेले टॉर्च
आणि कुणाच्या तरी लग्नातला कुकर
यांच्यामध्ये तो पडला होता,
पिवळट, म्हाताऱ्या दातांसारखा.
अकीलभाई म्हणाले, चारशे, चालतो का ते विचारू नका.
मी अडीचशेला घेतला.
कॅसेट आतच अडकलेली.

घरच्या टीव्हीला मागे ती लाल-पिवळी भोकंच नाहीत.
तपकीर गल्लीत तीन दुकानं फिरले.
तिसऱ्यातला पोरगा, जेमतेम विशीचा,
खेळ उलटासुलटा करून म्हणाला,
हे माझ्या काकाकडे होतं,
जणू काका म्हणजे कुठला तरी बुडालेला राजवंश.
मग एक बोटभर डबी दिली. साडेतीनशे.
खेळापेक्षा वायर महाग.

कॅसेट काढली, फुंकली.
फुंकल्याने काही होत नाही, उलट गंज चढतो,
हृषी बंगळुरूहून फोनवर म्हणाला.
मग जरा थांबून,
फुंकलीस ना?

आणि लागला.
तोच निळा, जो कुठल्याच आभाळात नसतो,
तीच तीन सुरांची पिरपिर,
आणि डाव्या काठाशी तो चौकोनी माणूस,
दोन ठिपक्यांचं नाक घेऊन उभा.
तीस वर्षं कुणी बटण दाबलं नाही
म्हणून तीस वर्षं तिथेच.

काय आहे एवढं त्यात, लेक विचारते.
तिच्या खेळात घोड्याच्या मानेवरचा केस न् केस
वेगळा हलतो.
मी काय सांगू.
इथे खड्डा दोन विटांचा आहे.
परवाही दोनच विटांचा होता.
बिबवेवाडीतले खड्डे दर वर्षी जागा बदलतात,
हा बदलत नाही.
काटेरी गोळा पुलावर पाच पावलं येतो आणि वळतो,
त्याचं तुझ्याशी वैर नाही, त्याला तू माहीतच नाहीस.
पडलीस तर तुझंच चुकलं,
आणि ते चुकणं इतकं स्वच्छ असतं
की लगेच पुन्हा जावंसं वाटतं.

पण मागे जाता येत नाही.
सुटलेल्या जागेची भिंत होते.
नाणं राहिलं तर राहिलं.
हे तिला क्रूर वाटतं.
मला तेव्हा वाटलं नव्हतं.

आई खाली बसून मटार सोलत होती.
मान वर न करता म्हणाली,
तिसऱ्या पुलापाशी थांब.
आता उडी मार. तिथे नाही गं,
अलीकडे, काही नाही तिथे.

काही नव्हतं तिथे.
उडी मारली, डोकं आपटलं,
हवेतून एक वीट आली
आणि विटेतून एक जीव.

शहाण्णवच्या अख्ख्या मे महिन्यात
मी आणि हृषीने शंभर पानी वही भरली होती,
कुठली वीट पोकळ, कुठली भरीव.
ही वीट त्या वहीत नव्हती.

तुम्ही शाळेत, हे आकुर्डीला पहिल्या पाळीला, ती म्हणाली.
धुणं वाळत घातलं की अकरा वाजायचे.

कुठपर्यंत गेली होतीस?
शेवटच्या दारापर्यंत.
शेंगेतला एक दाणा उडाला, सोफ्याखाली गेला.
दोनदा.

आम्ही ते दार कधी पाहिलंच नाही.

आणि सांगितलं नाहीस?
सांगून काय करायचं,
बंद केलं की जातंच सगळं.
वायर तेवढी जपून गुंडाळायची.
हृषी उलटी गुंडाळायचा,
मग मीही उलटी.

मी रिमोट तिच्या हातात दिला.
पदराला हात पुसले तिने,
चष्मा वर सरकवला.
अंगठ्याचं पेर आता सुजलेलं असतं तिचं,
बटण उशिरा दबलं,
चौकोनी माणूस पहिल्याच खड्ड्यात,
दोन विटांच्या, सरळ खाली.

आई, राहू दे का?

अजून दोन आहेत, ती म्हणाली,
डोळे टीव्हीवर,
तू कुकर बघ.