शून्य ते दहा

दार उघडलं तर गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब्लेट,
नाकाचा शेंडा लाल. नाव आयली.
सरकारी पाहणी, म्हणाली, दहाच मिनिटं.
डंडीच्या या चढावर मार्चचा वारा
टे नदीवरून सरळ अंगावर येतो.
म्हटलं, आधी आत ये, मग विचार.

एकूण आयुष्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात?
शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे पुरेपूर.

इचलकरंजीला आमचे गणिताचे मास्तर
दहापैकी दहा कधी देत नसत.
अर्धा मार्क कापायचे,
अक्षराचा, म्हणायचे.
मी सात सांगितले.
तिनं सात दाबला, पुढे गेली.

काल तुम्ही किती आनंदी होता?

काल सोमवार.
सकाळी गुडघा.
दुपारी मुलाचा फोन. तो पर्थला असतो,
इथून बावीस मैलांवरच्या नाही,
त्या दुसऱ्या पर्थला,
जिथं आमच्या दुपारी त्यांची निजानीज होते.
नातू झोपला होता. फोन त्याच्या नाकाशी धरून
मुलानं मला त्याचा नुसता श्वास ऐकवला.
सहा, म्हणालो.
मग म्हटलं, थांब, आठ कर.

तुम्ही आयुष्यात जे करता, ते कितपत सार्थ वाटतं?

इथं अडलो.
सार्थक हा शब्द आमच्याकडे
लग्नाच्या मांडवात निघतो, नाहीतर तेराव्याला.
मधल्या दिवसांत तो ट्रंकेत असतो,
डांबराच्या गोळ्यांसोबत.

एकतीस वर्षं मी बसचे ब्रेक तपासले.
वेळेवर थांबलेल्या बसची
बातमी होत नाही.

आणि शेजारच्या मिसेस गेडिस.
दर मंगळवारी संध्याकाळी माझ्या कचऱ्याच्या डब्यासोबत
त्यांचाही डबा रस्त्याशी नेऊन ठेवायचो, अकरा वर्षं.
आभार वगैरे त्यांच्या स्वभावात नव्हते.
खिडकीतून म्हणायच्या, वारा आहे.
मी म्हणायचो, आहे खरा.
जूनमध्ये पायरीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली रुबार्ब.
पहिल्या वर्षी कळेना, हिचं करायचं काय.
मग मोहरी फेसून कैरीसारखं लोणचं घातलं,
एक बरणी त्यांना दिली.
तिखट, एवढंच म्हणाल्या.
बरणी परत आली ती रिकामी,
घासून लख्ख.

जानेवारीत त्या गेल्या.
त्यानंतरचे तीन मंगळवार
मी त्यांचा रिकामा डबा रस्त्याशी नेला,
सकाळी परत आणून ठेवला.
चाकं फारच वाजत होती.
ने, असं कुणी सांगितलं नव्हतं,
नको नेऊ, असंही नाही.

यातलं काही मी आयलीला सांगितलं नाही.
तिचं बोट काचेवर अधांतरी थांबलं होतं.
साडेनऊ चालतात का? विचारलं.
नाही, अर्धे नाही घेत.
मग नऊ लिही.
तिनं लिहिले. कारण लिहायला जागा नव्हती.

चहाला ती नाही म्हणाली, नियमात बसत नाही म्हणे,
पण रेडिएटरवर हात मात्र
बराच वेळ ठेवून उभी राहिली.
मग बाहेर पडून शेजारची घंटा वाजवायला लागली.
खिडकीतून ओरडून सांगितलं, तिथं कुणी नाही.
तिनं तेही टिपून घेतलं.

आज मंगळवार.
एकच डबा, माझा.
उतारावर तो आपणहून पळू बघतो,
मागून धरून ठेवावा लागतो.