साडेसात हात वायर

बाणकोटला परकारांच्या ओटीवर
रेकॉर्ड प्लेअर पालथा घातलाय मी,
खाली जुनी गोधडी, लाकडाला चरा नको म्हणून.
चार स्क्रू. तीन गंजलेले.
चौथ्याच्या जागी कुणीतरी कधीचा खिळा ठोकलेला.

बोर्डातून सुटून मला नऊ वर्षं झाली,
तरी वेसवीला फेरीबोटीतून उतरलो
की कुणीतरी हाक मारतंच:
वायरमन, जरा बघून जा.

"वाजायलाच पाहिजे असं नाही," रुकय्याबी म्हणाल्या,
"पण हात लावला की मुंग्या येतात,
आणि नातू येतोय सुट्टीत."

मुंग्या येणारच.
खाऱ्या हवेनं वायरीचं रबर आधी चिकट केलं, मग ठिसूळ;
चिमटीत धरलं तर चुरमुऱ्यासारखं फुटतंय,
आत तांबं हिरवं,
धक्क्यावरच्या खांबांना चढतं तसं,
आणि उघडी तार पत्र्याला टेकलेली.
इतकी वर्षं कुणी गेलं नाही
म्हणजे परकारांची जमीन कोरडी.

वायर सोडवत गेलो तसा मधे एक जोड लागला.
अलीकडची तपकिरी, कापडी, मशीनबरोबर एडनहून आलेली.
पलीकडची काळी, इथल्या बाजारातली.
आम्ही जोड देतो तो पिळून, वर चिकटपट्टी.
हा तसा नव्हता.
तारेचा धागा न् धागा सुटा करून
एकमेकांत ओवलेला, एकाआड एक,
दोरखंडात दोरखंड गुंतवावा तसा,
आणि वरून मेण लावलेला शिडाचा दोरा,
फेऱ्याला फेरा चिकटून.
मी शेकड्यांनी जोड दिले असतील.
एवढा वेळ एकालाही दिला नाही.

"त्यांनी केलेलं.
दहा महिने जहाजावर, दोन महिने घरी.
प्लग एकच, या ओटीवर. मी तिकडे चुलीपाशी.
कौलांवर पाऊस, तव्यात सुकट,
मला काही ऐकू येत नाही म्हटलं एकदा.
रात्रभर बसले होते."

मी पक्कड उचलली.
रुकय्याबींच्या हातातला पंखा थांबला.
तांबं मेलं की कारागिरी काय करणार.
वीतभर तुकडा कापून त्यांच्यापुढे ठेवला.
त्यांनी तो पानाच्या डब्यात टाकला, अडकित्त्याशेजारी.

"नवीन किती घालू? आता खोलीखोलीत प्लग आहेत,
दोन हात पुरे."
"होती तेवढी."
"चूल काढून बारा वर्षं झाली," सून आतून.
मी जुनी मोजली. साडेसात हात.
नवीन तेवढीच कापली.

भोकात रबराचं बूच, त्यातून वायर,
आणि आतल्या बाजूला एक गाठ.
ही कुणाला कधी दिसत नाही.
नाचणकर मिस्त्रींनी शिकवलेली:
कुणाचा पाय अडकला, कुणी ओढली,
तर ओढ गाठीवर यावी, डाखावर नाही.
डाख विजेसाठी असतो.
वजन धरणं त्याचं काम नव्हे.

राळेचा धूर, कथलाचे दोन थेंब.
सिरीजवर लावलं, बल्ब मंद, तांबूस, ठीक.
लख्ख पेटला असता तर घोटाळा.
मग थेट प्लगला.
तबकडी हलली, अर्धा वेढा,
आणि लाईट गेली.

मंडणगडवरून गेली म्हणजे संध्याकाळ गेली.
मी हत्यारं पिशवीत भरू लागलो.
रुकय्याबींनी मात्र रेकॉर्ड चढवली, सुई टेकवली,
आणि बोटानं फिरवायला लागल्या.
स्पीकर मुका. पण सुईतून थोडं निघतंच;
कान पार खाली नेला तर
एक बाई गातेय, डासाएवढी.
बोट अडखळलं की तिचा सूर घसरतो,
सावरलं की धापा टाकत वर येतो.
त्या, सून आणि मी,
तीन डोकी एका रेकॉर्डवर.

बागमांडल्याला उतरलो
तेव्हा पलीकडे दिवे आले.
खाडी रुंद. एवढ्या लांबून काय ऐकू येणार,
तरी उभा राहिलो जरा.
मग पिशवी चाचपली.
पक्कड गोधडीवरच राहिली होती.