वाढणे

सियागंजात, मिरचीच्या घाऊक दुकानावर,
पहिल्या मजल्यावर आमचं मशीन होतं.
एकच. गोदरेजच्या कपाटाएवढं,
चाळीस दुकानांचे हिशेब पोटात घेऊन घरघरणारं.
दर शनिवारी रेवाराम त्याचे पंखे उघडायचा
आणि जिन्यापर्यंत शिंका ऐकू यायच्या:
तिखटाची भुकटी, जिऱ्याची फोलं,
शब्बीरभाई बुरहानपुरवाल्यांच्या पोत्यांतून वर चढलेली.
वीज गेली की जनरेटर. जनरेटर रुसला
की रेवाराम पुठ्ठा घेऊन वारा घालत बसायचा,
तापात पडलेल्या पोराला घालतात तसा.

चाळिसाची चारशे झाली दुकानं.
मग नऊशे.
दर महिन्याच्या वीस तारखेला रात्री
सगळ्या बाजाराला एकदम आठवायचं
की कर भरायचा राहिलाय,
आणि आमचं मशीन
लग्नातल्या एकट्या वाढप्यासारखं धावायचं.
इकडे भात, तिकडे वरण,
शेवटच्या पानावर तर अजून मीठही नाही.
"भिया, अपनी फाइल कब खुलेगी?"
मी फोनवर म्हणायचे, आले, आलेच,
जणू वाटी माझ्याच हातात आहे.

चैत्राली, माझी भाची, बंगळूरहून परतलेली,
म्हणाली, मावशी, दुसरं कपाट घेऊ नकोस. क्लाउडवर चल.
मी खिडकीतून पाहिलं.
मालव्याचं फाल्गुनातलं आकाश,
घासून उपडी घातलेली परात.
कुठंय?
"कुणाच्या तरी जमिनीवरच आहे गं.
भाड्यानं. तासावर. लागेल तेवढं."

शब्बीरभाईंनी एकच विचारलं:
माल दुसऱ्याच्या घरी, तर किल्ली कुणाकडे?
चैत्रालीनं कुलूप सांगितलं, किल्ली सांगितली,
किल्लीला लावायचं कुलूपही सांगितलं.
त्यांनी बशीतला चहा संपवला.
"ठीक. मी तुम्हाला ओळखतो. ढगाला नाही."

मग आली वीस तारीख.
साडेनऊला पडद्यावर एकाचे तीन झाले,
दहाला सात,
पावणेअकराला अकरा.
मी कुणाला हाक मारली नव्हती.
अकरा वाढपी, नाव नाही, गाव नाही,
कमरेला पंचा खोचून शिरले
आणि एकही पान रिकामं राहिलं नाही.
पहाटे चारला बघते तर दोनच उरलेले.
बाकीचे न जेवताच गेले.
मला उगाच वाईट वाटलं.

(एकजण मात्र चाचणीपुरता बोलावलेला,
त्याला निरोप द्यायचा राहून गेला.
अकरा दिवस बसून होता,
कुणी काही मागेना, तासांवर तास.
त्याचं बिल पाहून मी दोन दिवस
चैत्रालीशी बोलले नाही.)

आपल्याकडे एकाच शब्दात किती कोंबलंय.
पोर वाढतं. धंदा वाढतो.
ताटात भात वाढतात.
आणि बांगडी पिचली, तर पिचली म्हणत नाहीत,
वाढली म्हणतात.

वहीपूजनाला दरवर्षी
मशीनच्या कपाळाला कुंकू लागायचं.
यंदा रेवाराम करंडा घेऊन उभा,
इथे लावायचं की तिकडे पाठवायचं?
मी म्हटलं, इथेच लाव. आज शेवटचं.
नऊशेंपैकी शेवटचं दुकान
दुपारीच तिकडे पोचलं होतं.
बटण मीच दाबलं.
घरघर थांबली तेव्हा कळलं
किती वर्षं आपण ओरडून बोलत होतो.

"बंद कर दिया?" त्यानं विचारलं.
वाढवलं, मी म्हणाले.
तो निमाडचा. त्याला कळलं नसेल.
कपाटावर तळवा ठेवून तो उभा राहिला,
पत्रा गार होईपर्यंत.

पुठ्ठा मी रद्दीत टाकत होते.
त्यानं काढून घेतला, घडी घातली,
फोनशेजारच्या खणात ठेवला.
म्हणाला, राहू द्या, बाई.
वीज तिकडेही जात असेल.