मापाची वही

गायधनींच्या पानावर चार रंगांची शाई आहे.
दर दिवाळीला एक शर्ट, एक पॅन्ट.
प्रेसची पाळी सुटली की सायकल दुकानाच्या खांबाला,
आणि "घ्या हो, मागचंच असेल" म्हणत हात वर.

मागचंच असायचं.
खांदा साडेसतरा, छाती अडतीस, कंबर चौतीस.
अकरा वर्षं मी टेप नुसता फिरवला, रिवाज म्हणून.

मग एका साली खांदा सतरा.
कॉलर अर्ध्या इंचानं आत.
बाहीत हात, जसा पिशवीत गज.
आणि कंबर सदतीस.
"पोट सुटलं, साहेब," मी म्हणालो, "सुख मानवलं."
ते हसले. मीही हसलो.
जेल रोडला फटाक्यांचे स्टॉल लागत होते,
मला रात्रीत सोळा शर्ट कापायचे होते.

उजवा हात उचलताना म्हणाले, हळू.
बरगडीखाली बोट ठेवलं:
इथं वीट ठेवल्यासारखं वाटतं,
कधी कधी पार खांद्यापर्यंत जातं.
मी म्हणालो, गठ्ठे उचलून उचलून.
पाठ खाजवत होते सारखी.
मी म्हणालो, टेरिकॉट सोडा, सुती घ्या.
रविवारची मिसळ अर्धी टाकतो म्हणाले,
दोन घासांत पोट भरतं.
मी म्हणालो, वय.
प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे अस्तर होतं.

त्यांनी फिकट पिवळं कापड निवडलं.
तोच रंग डोळ्यांच्या पांढऱ्यात होता.
मी वर पाहिलं. ट्यूब जुनी होती.
दुसऱ्या दिवशी मी ट्यूब बदलली.

शर्ट न्यायला मुलगी आली, मंजिरी,
पाडवा होऊन गेल्यावर, पावती चुरगळलेली.
सोनोग्राफी, मग सीटी, मग "लिव्हर" म्हणाली,
आणि पुढचा शब्द खडूच्या डबीकडे बघत.
"पण ते तर थेंबही घेत नाहीत!"
जणू हमीपत्रावर माझीच सही होती.
दारू नाही, काका. कावीळ.
'बी' म्हणतात ती. रक्तातच होती इतकी वर्षं.
लहानपणी पळशाला माळ घालून उतरवलेली.

ती माळ मी पाहिलीय.
काड्यांची, आधी डोक्यावर,
मग रोज लांबत गळ्यात, छातीवर,
बेंबीला टेकली की म्हणायचं, उतरली.
ती उतरली नव्हती, आत जाऊन बसली होती.
माझ्या गळ्यात टेप लोंबत होता,
तसाच, बेंबीपर्यंत.

"खांदे आत घ्याल? पोटाला सैल ठेवा," ती म्हणाली.
"पाणी भरतंय."
मी तिच्यासमोरच शिवण उसवली.

घरच्यांना कसं दिसलं नाही, असं मी विचारणार नाही.
रोज बघणाऱ्याला अर्धा इंच दिसत नसतो.
मी वर्षातून एकदा बघायचो
आणि आकडे लिहून ठेवायचो, स्वतःच्या हातानं.

परवा एक मास्तर आले, बिटकोजवळचे.
कंबर दोन इंचांनी कमी.
डाएट? नाही. चालायला जाता? नाही.
भूक?
त्यांनी मला खालून वर न्याहाळलं,
"शिंपी आहात की डॉक्टर?"
तोंडातली टाचणी मी काढली.
शिंपीच आहे. पण माप आज घेत नाही.
आधी पोट दाखवून या, रक्त तपासून या.

रागानंच गेले.
कापड इथंच आहे,
फळीवर, त्यांच्या नावाची चिठ्ठी टाचून.