सत्त्याण्णव

विंकोने कधी उडी पाहिली नाही.
एकतीस हिवाळे तो उताराच्या कडेला उभा,
सत्त्याण्णव लिहिलेल्या फळीपाशी,
खिशात उकडलेलं अंडं.
वर मनोऱ्यावर कोण, कुठल्या देशाचा,
खाली लोक कुणासाठी गुरांच्या घंटा वाजवतात,
त्याच्याशी त्याला कर्तव्य नाही.
त्याने बघायचं ते समोरचं मीटरभर बर्फ
आणि त्यात खोचलेली स्प्रूसची डहाळी.

आधी आवाज येतो,
डोक्यावरून कुणी मांजरपाट टरकावल्यासारखा.
मग पाय.
एक पुढे, एक मागे.
ज्याच्यासमोर टेकले त्याने हात वर करायचा. झालं.

आज दुपारी वारा पाठीवर फिरला
आणि कर्ण्यावर नाव आलं. आन्झे. त्याचा धाकटा.
विंकोने टोपी कानांवरून वर सरकवली, एवढंच.
अठ्ठ्याण्णववर त्सिरिल, शाळेपासूनचा सोबती;
त्याचा हात अर्धा उठलेला,
बघत होता विंकोकडे, बर्फाकडे नाही.
अठ्ठ्याण्णव भरले असते तर दुसरी फेरी.

विंकोने हात वर केला.
खांद्यापासून, सरळ.
त्सिरिलने आपला हातमोजा उगाच झटकला.

रात्री सूप निवत होतं.
आन्झे म्हणाला, पाय नीट टेकले ना?
टेकले. गुडघा छान वाकला.
आणि वर असताना?
वर असताना कसा दिसत होतो?

विंको पावाचा तुकडा मोडत राहिला,
मग उठून खिडकीशी गेला,
जिथून दिवसा मनोरा दिसतो.