हातचा एक

रात्रीचे दीड. राजधानीहून कोलोनकडे
ऐंशी किलोमीटर, आणि शेजारच्या सीटवर तू,
गोठवलेल्या वाटाण्यांची पिशवी डोळ्यावर धरून.
वाटाणे केव्हाच वितळलेत.
तरी तू पिशवी काढत नाहीस,
म्हणजे जागा आहेस.

मागे तेओफिलोमामा बोटांवर कारणं मोजतोय.
वजन. सकाळी अर्धा पौंड जास्त निघालं,
प्लास्टिकचं जाकीट चढवून तू पुलापर्यंत धावलास
आणि थुंकत थुंकत तेवढा अर्धा पौंड
रस्त्यावर सांडून आलास.
पंच. त्याचा मेहुणा म्हणे प्रमोटरच्या पगारावर.
ग्लोव्हज नवे, ताठ.
आणि ती तिसऱ्या रांगेतली, पिवळ्या झग्यातली,
जिच्याकडे तू पाहिलंसही नाहीस.
बोटं संपली की मामा पुन्हा अंगठ्यापासून सुरू करतो.

तुझी आई फोनवर एकच विचारते :
दात?
सगळे आहेत, मी सांगतो.

समोरचा चौतीस वर्षांचा होता, बार्किसिमेतोचा,
पोट जरा सुटलेलं,
गेल्या सहांपैकी चार हरलेला.
म्हणून तर मी तो निवडला.
तुझ्या डाव्या हातचा मळ, असं पोस्टर चिकटवताना
मीच म्हणालो होतो.
पाच फेऱ्या तो मार खात राहिला
आणि खाता खाता बघत राहिला,
म्हातारी बाई बाजारात पपई दाबून बघते तसा,
घाई नाही, घ्यायचीच आहे असंही नाही.

सहाव्या फेरीत तू जॅब मारलास
आणि डावा हात परत येताना
हनुवटीपाशी आलाच नाही. खाली गेला, कमरेकडे,
जसा कुणी दार उघडं टाकून
कोपऱ्यावर जातो नुसता, काडेपेटी आणायला.
तेवढ्यात तो आत आला.

ते दार माझं आहे, पिदो.

तू जन्मायच्या आधीची गोष्ट. हाच पत्र्याचा हॉल,
माझे नऊ विजय, पुढे शून्य,
आणि हाच हात, हीच कमर.
शुद्धीवर आलो तेव्हा कुणीतरी माझ्या बुटांच्या नाड्या सोडत होतं
आणि मला वाटलं, घरी आलो.

तू अकराचा होतास. टायरच्या दुकानावरची आपली तालीम,
पहिलाच दिवस, मापापेक्षा मोठे ग्लोव्हज.
जॅब मारलास आणि हात खाली घरंगळला.
कुणी शिकवलं नव्हतं. तू मला बघून उचललं होतंस,
मुलं शिवी उचलतात तसं.
मी तोंड उघडलं होतं.
पण खांदा असा सैल, हात असा निवांत पडायचा,
पाण्यावर पेलिकन उतरावा तसा.
आणि कोपऱ्यातले म्हातारे म्हणाले, अरे, बघा,
हा तर आपलाच पोरगा, चाळीस वर्षांपूर्वीचा.
मी तोंड मिटलं.
आठ वर्षं मिटलेलंच.

लोक म्हणतात, याने पोराला शिकवताना
हातचं काही राखलं नाही.

शाळेत मिस हेडली बेरीज घालायच्या :
नऊ आणि चार तेरा, तीन मांडा, हातचा एक.
तो एक कुठे जातो, मी विचारलं होतं.
पुढच्या घरात, त्या म्हणाल्या.
आणि विसरलो तर?
त्यांनी खडू ठेवला. तर मग
उत्तर चुकतं, एवढंच. एक काही जात नाही कुठे.

आता गातूनचा दिवा मागे पडला.
डावीकडे काळोखात कालव्याच्या रांगेतली जहाजं,
माल भरून, मुकाट, कुणाच्यातरी शिट्टीची वाट बघत.
तू पिशवी खाली घेतोस. एकाच डोळ्याने
समोरच्या रस्त्याकडे बघत विचारतोस :
माझा हात खाली होता ना?

मागे मामाची बोटं थांबतात.
मी गियर बदलतो, गरज नसताना.

ग्लोव्हज ताठ होते, मी म्हणतो.