काळजीवाहू

फॉर्मवर रकाना होता: रुग्णाशी नाते.
मी लिहिलं, धाकटा भाऊ.
पुढचा रकाना: व्यवसाय.
तिथे पेन थांबलं.
भोसरीला लेथवर एकतीस वर्षं, हे खरं, पण ते संपलं.
टेबलामागची मुलगी म्हणाली, काका, काळजीवाहक लिहा.
मला हसू आलं.
असला शब्द मी पेपरातच वाचलेला,
काळजीवाहू मुख्यमंत्री, काळजीवाहू सरकार,
म्हणजे ज्याला मोठे निर्णय घेता येत नाहीत
आणि खुर्ची सोडताही येत नाही.
मग लिहिलं.

पद्मावतीला, दवाखान्याच्या वरच्या खोलीत,
लसींची रिकामी खोकी भिंतीला सारून
दर दुसऱ्या शनिवारी बसतात दहा-बारा जण.
मला वाटलेलं, रडारड असेल.
चालली होती डायपरच्या भावाची चर्चा,
धनकवडीत घाऊक कोण देतो,
हवेची गादी भाड्याने कुठे, अनामत किती,
दाखल्यासाठी ससूनच्या रांगेत डबा नेता येतो का.
"येतो," निंबाळकर म्हणाले, "पण चमचा विसरू नका."
हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं
की कुणी हसलं नाही.
मी चिठ्ठीवर लिहून घेतलं: चमचा.

देवयानी तापकीरची सासू गेली त्याला वर्ष झालं.
"मी आधी झोपले," ती म्हणाली,
"घरात पाहुणे होते, तरी झोपले."
अजून येते. शनिवारचं दुसरं काही ठरतच नाही म्हणते.

मी बोललो नाही.
काय सांगायचं होतं?
की वत्सूताईने मला वाढवलं,
आईच्या जागी नव्हे, आई होतीच,
पण फी, सायकल, आयटीआयचा एप्रन
तिच्या रात्रपाळीतून आला.
ट्रंक कॉलवर बसायची ती,
समोर दोऱ्यांचं जाळं,
अर्ध्या महाराष्ट्राची बारशी आणि मयतं
तिच्या बोटांतून जायची.
"तीन मिनिटं झाली. वाढवू?"
हे ती झोपेतही विचारायची.
आता उजवा हात उशीवर मी ठेवतो,
आणि शब्द म्हणाल तर दोनच उरलेत,
"नको", आणि "नको गं".
मलाही "नको गं".

पुढच्या खेपेला दोन तास घरी बसायला
त्यांनी रेहाना बागवान यांना पाठवलं.
पोस्टातून निवृत्त. पैसे नाहीत, चहा चालेल, बिनसाखरेचा.
मी दारातच सुरू झालो,
पाणी घट्ट करून, चमच्याने, मान वर धरून,
चार वाजता कूस, टीव्ही नको, खिडकी अर्धी.
त्या सगळं ऐकून म्हणाल्या, "जा आता."

मी सभेला गेलोच नाही.
कॅनॉलच्या कडेने चालत सलूनमध्ये गेलो.
न्हाव्याने डोकं पुढे वाकवलं,
मान धरली, अंगठ्याने कानामागचा फेस पुसला.
मी डोळे मिटून घेतले.
"काका, झालं," तो दोनदा म्हणाला.

घरी आलो तर आतून गावांची नावं,
टपालाच्या खणांवर असतात तशी,
"बार्शी... मनमाड... परळी... कराड..."
आणि ताईचा डावा हात चादरीवर
एकेका नावाला उठत होता,
हवेत काहीतरी खुपसत होता, अचूक.

खोटं का बोलू, आधी रागच आला.
सव्वादोन वर्षं मी तिला विचारत आलो,
भूक? दुखतं? झालं?
दुसरं काही विचारलंच नाही.

रेहानाबाईंनी घड्याळ पाहिलं, खुंटीवरची पर्स काढली.
ताईने माझे कापलेले केस पाहिले,
मग त्यांच्याकडे वळून,
तोंडाच्या एका बाजूने, सावकाश,
"वाढवू?"

पर्स परत खुंटीला गेली.
मी चहाचं आधण ठेवलं, तिघांचं.